माउंटन बाइकचा मागचा हब घरी उघडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती उठले, पाऊस ओसरला की हबाबद्दलचे, म्हणजे चाकाच्या मधोमध फिरणाऱ्या भागाबद्दलचे, प्रश्न यायला लागतात. चाक हातानं फिरवलं तर खरखर लागते. चढावर पायडल मध्येच मोकळं पडतं. दुकानवाला म्हणतो, पूर्ण हबच बदला. सायकलच्या दुकानात ज्याला आपण ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणत आलो, त्यातलंच हे काम आहे आणि घरच्या गॅलरीत नीट करता येतं. पहिल्या वेळी अख्खी दुपार लागेल, पुढच्या वेळी तासाभरात आटोपेल.

खालची उत्तरं मुख्यतः एका जातीच्या हबासाठी आहेत: शिमानो कंपनीचा, सुट्या छर्र्यांचा, क्विक रिलीज (लिव्हरनं चाक आवळणारा आरपार दांडा) लागणारा, १३५ मिमी रुंदीचा, कॅसेटचा (हबावर सरकवून बसणारा गिअरच्या चक्रांचा संच) डिस्क ब्रेकचा हब. दिओरे एम५२५ हा त्याचा नमुना. तुमच्या सायकलला आट्यांवर बसणारं फ्रीव्हील (गिअरची चक्रं आणि टकटक करणारी यंत्रणा एकत्र असलेला भाग) असेल तर प्रश्न १६, सीलबंद बेअरिंग असेल तर प्रश्न १७ आधी वाचा.

१. मागच्या हबात नेमकं असतं तरी काय?

मधोमध एक्सल. एक्सलवर दोन्ही टोकांना आट्यांवर फिरणारा कोन, त्यावर वायसर किंवा स्पेसर आणि शेवटी लॉकनट. समोर हबात वाटीसारखा बसलेला कप. कप आणि कोन यांच्यामध्ये छर्रे, प्रत्येक बाजूला ९, पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी व्यासाचे. सगळं चाक आणि तुमचं वजन या १८ छर्र्यांवर फिरत असतं.

गिअरच्या बाजूला फ्रीहबची बॉडी असते. तिच्यावर कॅसेट बसते आणि आत स्प्रिंगनं उचललेले छोटे दात असतात. बरेच मिस्त्री त्यांना कुत्रे म्हणतात. पायडल मारलं की ते अडकतात, थांबवलं की टकटक करत घसरतात.

एक गोष्ट आत्ताच लक्षात घ्या, पुढे ती खूप उपयोगी पडेल. उजव्या बाजूचा कप हबाच्या कवचात नसतो, तो फ्रीहब बॉडीच्या बाहेरच्या तोंडात असतो. जुन्या पद्धतीच्या हबात फ्रीव्हील बाहेरून आट्यांवर चढतं, त्यामुळे उजवं बेअरिंग खूप आत राहतं आणि एक्सलचा मोठा तुकडा आधाराशिवाय लोंबतो. खड्ड्यात आपटला की तो तिथेच वाकतो. शिमानोनं १९७८ मध्ये फ्रीहब आणला तेव्हा बेअरिंग पार बाहेरच्या टोकाला गेलं, आणि मागचे एक्सल वाकायचं प्रमाण बरंच कमी झालं.

२. हब उघडायची वेळ झाली हे कसं ओळखायचं?

चाक काढा, एक्सलची दोन टोकं बोटांत धरा आणि अगदी हळू फिरवा. वेगानं फिरवलं तर काहीच कळत नाही. वाळू चावल्यासारखं लागलं तर आत धूळ किंवा गंज आहे. ठराविक जागी अडकल्यासारखं लागलं तर कोन फार आवळलेला आहे किंवा खड्डे पडलेत. काहीच विरोध नसेल आणि एक्सल सुळसुळीत, कोरडा फिरत असेल, तर त्यावर खूश होऊ नका. ग्रीस संपलंय.

दुसरी तपासणी चाक सायकलवर असताना. रिम फ्रेमजवळ धरून डावी-उजवीकडे ढकला. टकटक असा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, लागला तर कोन सैल आहे. मग चाक फिरवून दुसरा हात सीटवर ठेवा. कानाला न येणारी खरखर फ्रेममधून तळहाताला बरोबर जाणवते.

३. किती किलोमीटरनंतर उघडायचा?

किलोमीटरपेक्षा पाणी मोजा. पावसाळ्यात चालवत असाल तर पाऊस संपल्यावर दरवर्षी एकदा. ओढा ओलांडताना हब पाण्याखाली गेला असेल तर त्याच आठवड्यात. फक्त कोरड्या रस्त्यावर फिरणाऱ्या सायकलीचा हब दोन वर्षंसुद्धा सहज काढतो. कोकणातली किंवा महाबळेश्वरकडची तांबडी माती पाण्याबरोबर आत गेली की ग्रीसचा खरकागद होतो, त्यामुळे तिकडे फिरणाऱ्यांनी वाट पाहू नये.

सर्व्हिस स्टेशनवरच्या प्रेशरच्या पाण्यानं सायकल धुवायची सवय असेल तर ती आधी सोडा. हबाचं रबरी सील उडणारा चिखल अडवण्यासाठी असतं, तो फवारा अडवण्यासाठी नसतं.

४. सायकल नवीकोरी आहे. तरी बघायचा का?

उघडू नका, पण प्रश्न २ मधली तपासणी करा. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या सायकलींत कोन बऱ्याचदा गरजेपेक्षा घट्ट आवळलेला असतो. तेवढाच नीट केला (प्रश्न १३) तरी हबाचं आयुष्य वाढतं.

५. हत्यारं कोणती लागतील? नेहमीच्या पान्यांवर भागेल का?

एका ठिकाणी भागणार नाही. कोनावरची पकड जेमतेम दोन मिलिमीटरची असते, तिथे साधा पाना शिरत नाही. त्यासाठी १५ मिमीचा पातळ कोन पाना घ्यावाच लागतो. लॉकनटला १७ मिमीचा साधा पाना चालतो. कोन पाना नाजूक असतो, त्यानं पायडल किंवा दुसरे घट्ट नट खोलायला जाऊ नका, त्याचं तोंड पसरतं.

शिवाय कॅसेटच्या लॉकरिंगचं (कॅसेट जागेवर आवळून धरणाऱ्या कड्याचं) टूल, कॅसेट धरून ठेवणारा चेन व्हिप, डिस्कसाठी टी२५ टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या टोकाची की), फ्रीहब काढायचा असेल तर १० मिमीची लांब दांड्याची ॲलन की. घरातून कडा असलेलं जुनं ताट, चिमटा, सुती फडकं आणि जुना टूथब्रश. ताट महत्त्वाचं: फरशीवर पडलेला छर्रा हमखास कपाटाखाली जातो.

६. कॅसेट कशी काढायची? लॉकरिंग हलतच नाही.

चेन व्हिप मधल्या मोठ्या दातेरी चक्राला असा गुंडाळा की तो कॅसेटला घड्याळाच्या दिशेनं ओढून धरेल. लॉकरिंगमध्ये टूल बसवा आणि घड्याळाच्या उलट फिरवा. दोन्ही दांडे साधारण समोरासमोर ठेवून वरून खाली दाबले तर अंगाचं वजन वापरता येतं. सुटताना मोठ्यानं ‘कर्र’ आवाज येतो, घाबरू नका. लॉकरिंगच्या खालच्या बाजूला खाचा असतात, त्यांचा तो आवाज. बसवतानाही तो येणारच, आणि बसवायचं ते ४० न्यूटन-मीटरला, म्हणजे चांगलंच घट्ट.

निघालेली चक्रं आणि स्पेसर त्याच क्रमानं तारेत ओवून ठेवा. परत बसवताना बॉडीवरची एक खाच बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रुंदीची असते, ती जुळवली की चक्र चुकीचं बसूच शकत नाही.

७. डिस्क काढलीच पाहिजे का?

न काढता पाना पोचतो, तरी काढा. हे ग्रीसचं काम आहे. ग्रीसचा एक बोट-ठसा डिस्कवर लागला आणि तिथून पॅडमध्ये मुरला तर ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही, मग पॅड टाकून द्यायचीच पाळी येते. काढलेली डिस्क कडेनं धरून वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळ्या खोलीत ठेवा. बसवताना सहा बोल्ट समोरासमोरच्या क्रमानं थोडे थोडे आवळा.

८. एक्सल कुठल्या बाजूनं खोलायचा?

डाव्या, म्हणजे डिस्कच्या बाजूनं. उजवीकडचा कोन आणि लॉकनट एकमेकांवर आवळलेले तसेच राहू द्या. चाक फ्रेममध्ये मधोमध बसतं ते त्यांच्यामुळे. ते हलवले तर सगळं माप परत जुळवावं लागतं.

खोलण्याआधी दोन गोष्टी करा. डाव्या बाजूचे वायसर-स्पेसर ज्या क्रमानं आहेत त्याचा फोटो काढा. आणि लॉकनटच्या बाहेर एक्सल किती डोकावतो ते मोजा. १३५ मिमीच्या हबाला क्विक रिलीजचा एक्सल साधारण १४६ मिमीचा असतो, म्हणजे दोन्हीकडे साडेपाच मिलिमीटर. हे माप फ्रेमच्या खाचेच्या जाडीपेक्षा जास्त झालं तर क्विक रिलीज फ्रेमऐवजी एक्सलच्या टोकांनाच चिमटते आणि चाक घट्ट झाल्याचा नुसता भास होतो. हे जिवावर बेतू शकतं.

मग चाक ताटावर आडवं धरा, डावा कोन १५च्या पान्यानं पकडून लॉकनट १७नं सोडा, दोन्ही काढा आणि एक्सल उजवीकडून हळूच ओढा. छर्रे ताटात पडतील, उरलेले चिमट्यानं उचला. कपाच्या तोंडावरची पत्र्याची किंवा रबराची टोपी उचकटू नका. ती वाकली तर पुन्हा सरळ बसत नाही, आणि छर्रे तिच्या आतूनही निघतात.

९. छर्रे १७च निघाले. एक आधीपासूनच नव्हता का?

बहुतेक तो हबाच्या पोकळ नळीत असतो, काळ्या ग्रीसमध्ये चिकटलेला. फडकं गुंडाळलेली काडी आरपार घाला. तिथे नसेल तर फ्रीहबच्या तोंडात आणि ताटाखाली बघा. खरंच कमी असेल तर मागच्या वेळी कुणीतरी तसाच बसवलाय. दोन्ही बाजूंना ९च घाला.

उलट प्रश्नही येतो: ९ घातल्यावर थोडी फट राहते, दहावा बसवू का? नको. ती फट हवीच. दहा कोंबले तर छर्रे एकमेकांवर घासतात. तुमच्या हबात छर्रे पत्र्याच्या पिंजऱ्यात अडकवलेले निघाले तर पिंजरा सोडून त्याच मापाचे सुटे छर्रे घालायला हरकत नाही. जास्त छर्रे बसतात आणि वजन जास्त ठिकाणी वाटलं जातं.

१०. धुवायला पेट्रोल चालेल का? आणि डब्ल्यूडी-४०?

पेट्रोल अजिबात नको. त्याची वाफ बंद गॅलरीत साचते आणि शेजारच्या गॅसच्या ठिणगीनं पेट घेते. रॉकेल मिळालं तर उत्तम, नाहीतर डिझेल किंवा दुकानात मिळणारं डीग्रीझर. सुरुवात मात्र कोरड्या फडक्यानं करा. नव्वद टक्के घाण तशीच निघते आणि रॉकेल अर्धी वाटी पुरतं. शेवटी सगळं पूर्ण कोरडं होऊ द्या, कारण आत राहिलेलं रॉकेल नवं ग्रीस पातळ करतं. काळं झालेलं रॉकेल मोरीत ओतू नका. बाटलीत भरून गॅरेजवाल्याला द्या, त्याच्याकडे जुन्या ऑइलचा डबा असतो.

डब्ल्यूडी-४० हे नाव पाणी हटवण्याच्या चाळिसाव्या प्रयत्नावरून पडलंय. १९५३ पासून ते त्याच कामासाठी आहे. गंजलेला नट सोडवायला छान, पण बाहेरून हबात फवारलं तर चांगलं ग्रीस धुऊन काढतं. “फवारल्यावर आवाज गेला” असं वाटतं आणि महिनाभरानं कोन घासलेला निघतो.

११. कोन आणि कप टाकायचे की ठेवायचे, हे कसं ठरवायचं?

या कामातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच आहे, म्हणून इथे घाई करू नका. कोन पुसून उजेडाकडे धरा. छर्रे जिथून धावतात तिथे एक चकचकीत पट्टा दिसेल. पट्टा एकसारखा, गुळगुळीत असेल तर कोन चांगला आहे. त्या पट्ट्यात सुईनं टोचल्यासारखे ठिपके, पोपडा निघाल्यासारखे डाग किंवा खोदल्यासारखी चर असेल तर कोन बदला. पॉलिश पेपरनं घासून तो दुरुस्त होत नाही. पोलादाचा कडक थर वरच्या वरच असतो, एकदा फुटला की पसरतच जातो आणि त्याचा भुगा छर्र्यांना खातो.

डोळ्यांना शंका असेल तर बॉलपेनचं टोक पट्ट्यावरून हलक्या हातानं फिरवा. न दिसणारा खड्डाही पेन अडखळून सांगतं. कपात डोकावून बघणं कठीण असतं, तिथे तर ही युक्ती वापराच.

सगळ्यात आधी झिजतो तो कोन, आणि ही चांगली गोष्ट आहे, कारण कोन स्वस्त असतो आणि बदलता येतो. नवा घेताना जुना दुकानात घेऊन जा. आटे तेच असले तरी कोनाचा उतार आणि उंची मॉडेलनुसार बदलते. उजव्या कपाला खड्डा असेल तर प्रश्न १ आठवा: तो फ्रीहब बॉडीत आहे, म्हणजे बॉडी बदलली की नवा कप आला. डावा कप मात्र हबाच्या कवचात ठोकून बसवलेला असतो आणि सुटा मिळत नाही. तो गेला की हब गेला. ‘आवाज येईपर्यंत चालवू’ असं म्हणणाऱ्यांना मी कळकळीनं थांबवतो ते याच्यासाठी. आवाज येतो तोवर कोनाचा भुगा डाव्या कपापर्यंत पोचलेला असतो. (डावा कप गेलाच असेल तर प्रश्न २०.)

१२. छर्रे चांगले दिसतायत, तेच घालू? आणि ग्रीस कोणतं?

छर्रे दरवेळी नवे घाला. झिजलेला छर्रा डोळ्यांना गोलच दिसतो. दुकानात पाव इंची किंवा ‘दोन सुती’ मागा, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आपल्या साध्या काळ्या सायकलीच्या मागच्या हबातही हेच माप चालतं, त्यामुळे तालुक्याच्या गावीसुद्धा मिळतात. चांगल्या प्रतीचे हवे असतील तर बेअरिंगच्या दुकानात ग्रेड २५ मागा. म्हणजे गोलाईतला फरक इंचाच्या २५ दशलक्षांशापेक्षा जास्त नाही. आकडा जितका लहान तितका छर्रा अचूक. जुने-नवे किंवा दोन पाकिटांतले मिसळू नका. जो किंचित मोठा असेल, सगळं वजन त्याच्यावरच येतं.

ग्रीस मोटारीच्या बेअरिंगचं लिथियम ग्रीस, एनएलजीआय २ घट्टपणाचं. गाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. पावसात खूप चालवत असाल तर बोटींसाठीचं पाणीरोधक ग्रीस आणखी चांगलं. कप काठोकाठ भरा, छर्रे त्यात बोटानं रुतवा, वरून आणखी एक थर द्या. जास्त झालेलं कडेनं बाहेर येईल, ते पुसायचं. इथे कंजुषी केलीत तर रिकामी राहिलेली जागा पाणी भरून काढतं. व्हॅसलीन किंवा चेनचं तेल चालणार नाही.

१३. कोन आवळला की चाक जाम, सोडला की प्ले. मधलं सापडतच नाही!

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि त्यामागे दोन कारणं आहेत जी सहसा कुणी सांगत नाही.

पहिलं: कोन आणि एक्सल यांच्या आट्यांमध्ये थोडी मोकळीक असते. लॉकनट आवळला की तो कोनाला किंचित आत ढकलतो. म्हणून लॉकनट आवळण्याआधी ‘अगदी बरोबर’ वाटणारा कोन नंतर घट्ट होतो.

दुसरं: क्विक रिलीज बंद केली की ती पोकळ एक्सलला दोन्हीकडून दाबते आणि एक्सल केसभर आखूड होतो. हातात बरोबर असलेला हब सायकलवर गेल्यावर आवळला जातो.

म्हणून हातात असताना किंचित प्ले ठेवायचा. आधी उजवा कोन आणि त्याचा लॉकनट एकमेकांवर पक्के आहेत का ते बघा. ते सैल असतील तर डावीकडची सगळी मेहनत वाया जाते. एक्सल उजवीकडून घाला, डावा कोन बोटांनी छर्र्यांना टेकेपर्यंत आणा आणि साधारण अष्टमांश फेरा मागे घ्या. वायसर, लॉकनट लावा. कोन १५नं धरून ठेवा आणि लॉकनट १७नं आवळा. कोन हलता कामा नये, हलतो तो फक्त लॉकनट.

आता एक्सल फिरवून बघा. घट्ट वाटला तर उजव्या लॉकनटला १७चा पाना लावून धरा आणि डावा कोन १५नं घड्याळाच्या उलट अगदी इंचभर दांडा हलेल एवढाच फिरवा. त्यानं बेअरिंग सैल होतं आणि कोन लॉकनटवर आणखी पक्का बसतो, दोन कामं एकदम. फार सैल वाटला तर लॉकनट सोडून कोन थोडा आत घ्यायचा आणि पुन्हा आवळायचं. पाच-सहा वेळा करावं लागेल. अनुभवी हातांनाही तीनदा करावं लागतं.

शेवटची परीक्षा सायकलवर. चाक बसवा, लिव्हर अर्धवट बंद करा, रिम हलवा: जरासा प्ले लागला पाहिजे. लिव्हर पूर्ण बंद करा: प्ले नाहीसा झाला पाहिजे. दोन्ही झालं तर हब बरोबर लागला. मग चाक हळू फिरवून सोडा. व्हॉल्व्हची किंवा रिफ्लेक्टरची जड बाजू खाली येऊन लंबकासारखी दोन-चार झोके घेत थांबावी. झटक्यात थांबली तर अजून घट्ट आहे.

नटांचा भरीव एक्सल असेल तर दुसरं कारण लागू होत नाही. तिथे हातातच प्ले शून्य ठेवा. आणि कुठलाही हब असला तरी ५०-१०० किलोमीटरनंतर एकदा रिम हलवून बघा. नवे छर्रे बसतात तसा थोडा प्ले येऊ शकतो.

१४. चढावर पायडल घसरतं, किंवा पायडल थांबवल्यावर चेन वरून लोंबते. हेही हबाचंच का?

दोन्ही बहुतेक फ्रीहबचं. कुत्र्यांमध्ये जुनं ग्रीस चिकट झालं की ते वेळेवर उभे राहत नाहीत आणि पायडल मोकळं पडतं. उभं राहून जोर लावताना असं झालं तर तोंडावर पडाल, तेव्हा हे टाळू नका. फ्रीहब जड फिरत असेल तर उतारावर कॅसेट चाकाबरोबर ओढली जाते आणि वरची चेन सैल पडते.

एक्सल आणि छर्रे काढलेले असताना १० मिमीची ॲलन की फ्रीहबच्या तोंडातून आत घाला, पोकळ बोल्ट सापडेल. तो घड्याळाच्या उलट सुटतो. खूप घट्ट असतो, म्हणून की बाकावर घट्ट पकडून चाकच स्टिअरिंगसारखं फिरवणं सोपं जातं. निघालेल्या बॉडीत मागच्या फटीतून रॉकेल घालून फिरवत राहा, स्वच्छ येईपर्यंत. रात्रभर उलटी ठेवून सुकवा. मग जाडसर तेल, मोटारसायकलचं इंजिन ऑइल चालतं, थेंब थेंब सोडा. इथे हबाचं ग्रीस भरू नका, कुत्रे पुन्हा चिकटतील. बसवताना बोल्ट ३५ ते ५० न्यूटन-मीटरला आवळा. हे सगळं छर्रे ग्रीसमध्ये बसवण्याच्या आधी.

१५. फ्रीहबची बॉडी पूर्ण उघडून आतले छर्रेही बदलू का?

माझा सल्ला, नको. आत अष्टमांश इंची बारीक छर्र्यांच्या दोन ओळी असतात, तोंडाची वाटी उलट्या आट्यांची म्हणजे घड्याळाच्या दिशेनं सुटणारी, आणि तिला खास टूल लागतं. धुऊन तेल घातल्यावरही खडखडत असेल तर नवी बॉडी घ्या, जुनी बरोबर नेऊन. बॉडीची मागची खाच हबाच्या मॉडेलनुसार वेगळी असते, आणि शिमानोचा १२ स्पीडचा मायक्रो स्प्लाइन किंवा स्रॅमचा एक्सडी (दोन्ही नव्या प्रकारच्या बॉडी) यांची कॅसेट जुन्या एचजी बॉडीवर (शिमानोची नेहमीची खाचांची बॉडी) बसत नाही.

१६. माझ्या सायकलला ७ गिअरचं फ्रीव्हील आहे, कॅसेट नाही. काय बदलतं?

फ्रीव्हील आधी काढावं लागतं, कारण उजवं बेअरिंग त्याच्या मागे आहे. पायडलच्या प्रत्येक जोरासरशी ते आट्यांवर आणखी आवळत जातं, त्यामुळे वर्षानुवर्षं न काढलेलं फ्रीव्हील खूप चिवट असतं. त्याच्या खाचांना बसणारंच टूल घ्या, क्विक रिलीजच्या दांड्यानं ते जागेवर दाबून धरा म्हणजे सटकून खाचा खाणार नाही, टूल बाकावरच्या शिकंज्यात पकडा आणि दोन्ही हातांनी चाक घड्याळाच्या उलट फिरवा. पहिला पाव फेरा सुटला की दांडा लगेच सैल करा, नाहीतर तोच तुटेल. बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि हातानं सरळ चढतंय याची खात्री करा. हबाचे आटे ॲल्युमिनियमचे असतील तर वाकडं चढवलेलं फ्रीव्हील ते कायमचे खराब करतं. बाकी छर्रे, ग्रीस, कोन सगळं वरच्यासारखंच.

१७. माझ्या हबात सीलबंद बेअरिंग आहे. त्यातही ग्रीस भरता येतं का?

येतं. बेअरिंग हबातच असताना बाहेरचं रबरी सील सुईच्या टोकानं आतल्या कडेला उचला, जुनं धुवा, नवं भरा, सील बोटानं दाबून बसवा. फक्त कोरडं पडलेलं असेल तर हे पुरतं. खरखर असेल तर बदला. सीलवर नंबर छापलेला असतो आणि तोच तुमचा माप-कागद: ६९०२ म्हणजे आतला व्यास १५, बाहेरचा २८, जाडी ७ मिमी. ६००० म्हणजे १०, २६, ८. पुढे २आरएस असेल तर दोन्हीकडे रबरी सील. हाच नंबर बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात चालतो, सायकलच्याच दुकानात जायला हवं असं नाही.

नवं बसवताना दाब फक्त बाहेरच्या कड्यावर द्या, तेवढ्या व्यासाचा सॉकेट मधे ठेवून. आतल्या कड्यावर ठोकलं तर छर्रे धावायच्या पट्ट्यात खुणा पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी जुनं होतं.

१८. एक्सल वाकलाय की नाही, कसं कळेल?

काचेवर किंवा आरशावर लोळवा. मध्येच खाली उजेड दिसला तर वाकलाय. ठोकून सरळ करू नका, बदला. नवा त्याच लांबीचा आणि त्याच आट्यांचा हवा. क्विक रिलीजचा मागचा एक्सल १० मिमी जाड आणि १ मिमी आट्यांचा असतो, साध्या सायकलींचे भरीव एक्सल बहुतेक इंची आट्यांचे. दोन्ही दिसायला जवळपास सारखे असतात, म्हणून जुना कोन त्यावर बोटांनी फिरवूनच विकत घ्या. फिरवताना अडला तर जोर लावू नका.

१९. सगळं नवं घातलं, नीट लागलं, तरी चढावर कटकट येतेच.

मग ती हबातली नसेल. क्विक रिलीज पुरेशी घट्ट आहे का, लॉकनट टेकतो तिथे फ्रेमवर माती नाही ना, कॅसेटचं लॉकरिंग सैल नाही ना, हे या क्रमानं बघा. तारा एकमेकींना ओलांडतात तिथे एकेक तेलाचा थेंब सोडून बघा. पायडल न मारताही आवाज येत असेल तरच पुन्हा हबाकडे या.

२०. डाव्या कपाला खड्डा सापडला, आणि पुढच्या रविवारी राइड ठरलीय. आता?

नवे छर्रे, नवा कोन आणि भरपूर ग्रीस घालून तो काही काळ चालतो. गावातल्या गावात खुशाल फिरवा. पण नवा कोनही त्या कपाबरोबर झिजतच जाणार, आणि ताम्हिणीसारख्या ठिकाणी, जिथे चाक जाम झालं तर वीस किलोमीटर ढकलावं लागेल, तिथे त्याच्या भरवशावर जाऊ नका.

हब बदलाल तेव्हा जुन्याच्या दोन्ही कडांचा व्यास, मधलं अंतर आणि तारांची भोकं (३२ की ३६) मोजून शक्यतो त्याच मापाचा घ्या. मापं जुळली तर जुन्याच तारा आणि रिम वापरून चाक विणता येतं. जुन्या हबाचा एक्सल, उजवा कोन, लॉकनट आणि चांगली असेल तर फ्रीहब बॉडी काढून, तेल लावून, डब्यात ठेवा. पुढच्या वेळी नेमका यातलाच एखादा भाग लागतो.